उपद्व्यापी क्रियापद

चिनी भाषा शिकवणारे पहिल्याच दिवशी एक आमिष दाखवतात. म्हणतात, आमच्याकडे क्रियापद चालवावं लागत नाही. काळ नाही, पुरुष नाही, लिंग नाही, वचन नाही. मी खाणे, तू खाणे, त्या खाणे, काल खाणे, उद्या खाणे, झालं. खातो-खाते-खातात, खाल्ला-खाल्ली-खाल्लं, खाईन-खाशील-खावा यांच्या रानात वाढलेल्या मराठी माणसाला हे ऐकून भरूनच येतं. आपण फारच स्वस्तात सुटलो या आनंदात तो पुढच्या दोन इयत्तांची फी एकदम भरून टाकतो.

फी भरून झाली की खरा प्रकार कळतो. चिनी क्रियापदाला स्वतःला काही होत नाही हे खरं, पण त्याच्या शेपटाला काय काय बांधतात! खाणे म्हणजे 'छ्र'. आता 'मला खाता येत नाही' एवढंच म्हणायचं असलं तरी आधी कारण जाहीर करावं लागतं. ताटात फार आहे म्हणून संपत नाही, तर 'छ्र पु ल्याओ'. भूक नाही, घशाखाली उतरत नाही, तर 'छ्र पु शिआ'. परवडत नाही, तर 'छ्र पु छी'. सवय नाही म्हणून जात नाही, तर 'छ्र पु क्वान'. पाहुण्याने ताटात उरवताना भलतंच शेपूट लावलं, तर यजमान एक तर आणखी वाढतो, नाहीतर बिल मी देतो म्हणून हाताला धरतो. आपल्याकडे 'नको, पोट भरलं' म्हणून हात आडवा धरला की व्याकरण संपतं.

ही झाली खालची इयत्ता. वरच्या इयत्तेत 'चऽथंग' येतं.

उच्चाराचं आधी उरकून घेऊ. 'च' लांबवायचा, उंच आणि सपाट सुरात, मध्येच वाकू द्यायचा नाही. 'थंग' मात्र हलकेच टाकून द्यायचा, कुणी ऐकला तर ऐकला. मराठी माणसाला इथे एक सवलत आहे. चिनीत प-फ, त-थ, च-छ असा कोरड्या आणि श्वासाच्या व्यंजनांचा काटेकोर भेद असतो, आणि तो आपल्याला बाराखडीसोबत फुकट मिळालेला आहे. ज्याला आपण इंग्रजी स्पेलिंग वाचून बीजिंग म्हणतो, त्याला तिथले लोक पेइचिंग म्हणतात. त्यातला कोरडा 'प' आणि कोरडा 'च' काढताना वर्गातल्या युरोपियन मंडळींना घाम फुटतो आणि आपण पाय हलवत बसतो. सूर मात्र आपल्याकडे फक्त गाण्यात असतात, आणि गाणं सगळ्यांनाच येतं असं नाही.

चऽथंगमध्ये दोन अक्षरं आहेत. पहिल्या अक्षराच्या डावीकडे हात आहे आणि उजवीकडे कुऱ्हाड. दुसऱ्या अक्षराच्या पोटात एक घोडा आहे, उसळलेला. (टेन्सेंट या बड्या कंपनीच्या चिनी नावातही हाच घोडा आहे.) हातात कुऱ्हाड आणि मांडीखाली घोडा! या शब्दाचं पुढे काय होणार हे तेव्हाच ओळखायला हरकत नव्हती.

त्यातही कुऱ्हाडीचं अक्षर एकटं भेटलं तर फारच बेभरवशाचं. ते तीन तऱ्हांनी वाचतात. सपाट सुरात वाचलं तर उलथणं, कोलांटणं. चढत्या सुरात वाचलं तर मोडणं, दुमडणं, आणि सवलत. तेच अक्षर 'शऽ' असं वाचलं तर काडकन तुटणं, आणि धंद्यात मुद्दल बुडणं. म्हणजे गिऱ्हाइकाची सवलत आणि दुकानदाराचं नुकसान एकाच अक्षरात. कुणा व्यापाऱ्यानेच ते घडवलं असावं. पेइचिंगच्या दुकानांच्या काचांवर मोठा 8 आणि त्यापुढे हे अक्षर लिहिलेलं असतं. ते बघून ऐंशी टक्के सूट समजून आत धावणारा मराठी माणूस गल्ल्यापाशी ओळखू येतो. चिनी दुकानदार किती सोडणार ते लिहीत नाही, किती घेणार ते लिहितो. 8 म्हणजे दहातले आठ द्या. तेव्हा काचेवरचा आकडा जितका लहान, तितकं आत शिरायला हरकत नाही.

आता अर्थ. चिनी घराघरांत असतो त्या जाड शब्दकोशात चऽथंगचे तीन अर्थ ओळीने दिले आहेत. एक, अंथरुणात या कुशीवरून त्या कुशीवर होणं. दोन, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. उदाहरणाला रेडिओ खोलून जोडणारा आणि जोडून खोलणारा एक गृहस्थ आहे. तीन, छळणं, तिथे जुनाट दुखणं आहे, जे माणसाला चऽथंग करतं. शिवाय बोलताना लोक पैसे उधळून टाकण्यालाही हाच शब्द वापरतात. शेपटाला 'क्वांग' बांधलं की 'चऽथंग क्वांग', म्हणजे उधळून उधळून खडखडाट.

मी वहीत समोरासमोर मराठी लिहायला घेतलं. तळमळणे, कूस बदलणे. खटपट, खटाटोप, उपद्व्याप, नस्ती उठाठेव. छळ, हाल, जीव मेटाकुटीला आणणे. धूळधाण. पान भरलं. आमच्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, पान बघितलं आणि विचारलं, "तुमच्या भाषेत याला इतके शब्द कशाला लागतात?" आता यावर काय बोलणार! मी म्हटलं, आमच्याकडे वेळ असतो.

खरी अडचण अर्थाची नव्हतीच. या क्रियापदाने कुठली क्रिया होते हे शब्दकोश सांगतो. ते कुणी, कुणाबद्दल आणि कुठल्या ओट्याआडून म्हणायचं, हे सांगत नाही. मी घरातलं सामान हलवते तेव्हा ती आवराआवर असते; शेजारीण भिंतीपलीकडून ऐकते तेव्हा तो चऽथंग असतो. क्रिया तीच, आवाजही तोच. हे क्रियापद म्हणजे एक शेरा आहे, आणि तो मारायचा अधिकार बहुतेक वेळा करणाऱ्याला नसतो, सोसणाऱ्याला असतो.

याचा सगळ्यात मोठा पुरावा खुद्द चिनी सरकारने दिलेला आहे. 18 डिसेंबर 2008 रोजी पेइचिंगच्या ग्रेट हॉल ऑफ द पीपलमध्ये आर्थिक सुधारणांची तिशी साजरी होत होती. राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांचं भाषण चालू होतं. अशा भाषणांत शब्द इस्त्री करून आलेले असतात. आणि त्यात त्यांनी तीन नकार ओळीने सांगितले: ढळायचं नाही, ढिलं पडायचं नाही, आणि 'पु चऽथंग', चऽथंग करायचा नाही. सभागृह हसलं. स्वयंपाकघरातला शब्द राष्ट्राच्या व्यासपीठावर चढला, हे हसण्याचं एक कारण. दुसरं कारण वयाचं असणार. 1958 साली परसात भट्ट्या पेटवून घरची भांडीकुंडी वितळवून पोलाद करायला निघालेला देश ज्यांनी पाहिला, आणि नंतर 1966 ते 1976 ही सांस्कृतिक क्रांतीची दहा वर्षं अंगावर काढली, त्यांना कुठल्या कुठल्या चऽथंगबद्दल चाललंय हे फोड करून सांगायची गरज नव्हती. आतापर्यंत हा शब्द सोसणाऱ्यांनी करणाऱ्यांबद्दल दबक्या आवाजात वापरायचा होता. तो करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकल्यावर हसू नाही तर काय येणार?

देश हसला आणि दुभाषे रडकुंडीला आले. इंग्रजीत याचं करायचं काय? कुणी 'फ्लिप-फ्लॉप करू नका' सुचवलं, कुणी 'भरकटू नका', कुणी 'डोलकाठीसारखं हलू नका' अशा चालीचं काहीतरी. वर्तमानपत्रांत पंडित, प्राध्यापक, निवृत्त मुत्सद्दी सगळे उतरले, आणि एका शब्दावरून जो काही खल झाला त्याला चिनीत नेमकं काय म्हणतात हे सांगायला नकोच. त्याच महिन्याच्या अखेरीस एका सरकारी पत्रकार परिषदेत हा शब्द पुन्हा निघाला, तेव्हा दुभाष्याने सरळ इंग्रजी वाक्यात 'पु चऽथंग' असंच म्हणून टाकलं. तिथेही हशा पिकला. मला या दुभाष्याबद्दल अपार आदर आहे. वर्गात मी हाच उपाय करून पाहते तेव्हा लाओशी मार्क कापतात.

आता जवळचं उदाहरण. पेइचिंगमध्ये थंडीत घरं तापवणं हे सार्वजनिक काम आहे. साधारण 15 नोव्हेंबरला शहराची उष्णता सुरू होते, 15 मार्चला बंद होते. मधल्या थंडीशी वा उकाड्याशी तिचा फारसा संबंध नसतो. सुरू होण्याआधी नळ्यांमधून पाणी दाबाने सोडून गळती तपासतात. त्याची चिठ्ठी जिन्याच्या दारावर लागते: अमुक दिवशी घरी माणूस हवं. आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त जोडपं राहतं. बाईंना मी 'आयी' म्हणते. हा चिनी शब्द आहे, अर्थ मावशी, त्यामुळे माझ्या आईशी फोनवर बोलताना नातेसंबंधांचा जरा घोळ होतो. काकांना 'ताये' म्हणायचं.

चाचणीच्या सकाळी त्यांच्याकडून आरडाओरडा ऐकू आला म्हणून मी खाली गेले. खिडकीखालच्या लोखंडी रेडिएटरच्या कडेला प्लास्टिकची परात, परातीत काळपट पाणी, आणि वरच्या छोट्या झडपेतून फिस्स फिस्स हवा. झडपेला पांढऱ्या टेपचे इतके वेढे की ती दुखापत झालेल्या बोटासारखी दिसत होती. तायेंनी आदल्या रात्री ती 'जरा सैल वाटली' म्हणून घट्ट केली होती, मग फारच घट्ट वाटली म्हणून सैल केली होती, आणि मग टेप. दुरुस्तीवाले श्रफू (कारागिराला आणि चालकालाही हाच शब्द) पान्हा घेऊन गुडघ्यावर बसले होते.

आयी श्रफूंना म्हणाल्या, "शिआ चऽथंग!" यातला 'शिआ' म्हणजे आंधळा. आंधळं बोलणं म्हणजे वाट्टेल ते बरळणं, आंधळी धावपळ म्हणजे फुकटची दगदग, आणि आंधळा चऽथंग म्हणजे यांनी रात्री केलं ते. बोट तायेंकडे, नजर श्रफूंकडे.

श्रफू वर न बघता म्हणाले, हा रेडिएटर जुना आहे, याला चऽथंग सोसायचा नाही. म्हातारी माणसं, जुनी यंत्रं, एकदा शस्त्रक्रिया झालेलं पोट, हे सगळे या वाक्याचे कर्ते होऊ शकतात. इथे शब्द सूचनेचा झाला. त्यात राग नव्हता. धंद्यातल्या माणसाचं निदान होतं.

परात दोनदा रिकामी झाली, टेप सोलून निघाली, झडप बदलली. श्रफूंनी हात पुसले. आणि ताये, ज्यांनी एवढा वेळ फक्त परात धरली होती, ते खुर्चीत बसत म्हणाले, "सबंध सकाळ चऽथंग झाला." म्हणजे आता ते सोसणारे. आयींनी नुसतं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, वहीत हे लिहून घ्यावं, पण परात माझ्याच हातात दिली होती.

एका खोलीत, एका झडपेवरून, तिघांनी तेच क्रियापद वापरलं. आयींनी ते दोषारोप म्हणून फेकलं, श्रफूंनी इशारा म्हणून ठेवलं, तायेंनी तक्रार म्हणून उचललं. शब्दकोशात तीन अर्थ आहेत हे खरं, पण त्यांतला कुठलाही घेऊन त्या खोलीत काही उलगडलं नसतं.

तरुण मंडळींनी तर हा शेरा उलटवून स्वतःच्याच छातीवर लावून घेतला आहे. 'जीव आहे तोवर लढत राहू' अशा चालीच्या जुन्या घोषणेतलं लढणं काढून तिथे चऽथंग बसवलंय: जीव आहे तोवर चऽथंग. नोकरी सोडून कॉफीचं दुकान काढणं, ते बंद करून गावाकडे खोल्या भाड्याने देणं, तेही बंद करून परत नोकरी धरणं, हा चऽथंग. 'तरुण आहात तोवर चऽथंग करून घ्या' असा उपदेश करणारे लोकही निघाले आहेत. 2021 मध्ये 'थांगफिंग' म्हणजे 'नुसतं आडवं पडून राहू' हा शब्द गाजला, तेव्हा त्याच्या उलट टोकाला हा होता. गंमत म्हणजे आडवं पडून या कुशीवरून त्या कुशीवर होणं हाच चऽथंगचा शब्दकोशातला पहिला अर्थ. तेव्हा आडवं पडूनही सुटका नाही.

आयी-ताये पिढी मात्र ही बढाई मान्य करत नाही. त्यांच्या तोंडी फार तर 'चन नंग चऽथंग' येतं, म्हणजे 'काय उपद्व्याप करू शकतो हो हा!' यात कौतुक किती आणि कपाळाला हात किती, हे सांगणाऱ्याच्या भुवईवर ठरतं. आपल्याकडे एखाद्याला 'मोठा खटपट्या' म्हणतात, तसंच. ज्याला म्हटलं तो घरी जाऊन दोन दिवस विचार करतो.

एकदा टॅक्सीत चालकाशी याच विषयावर बोलणं निघालं. पेइचिंगचे टॅक्सीवाले गप्पिष्ट म्हणून प्रसिद्धच आहेत. सिग्नल लाल असला की ते परराष्ट्र धोरणावर बोलतात. हे श्रफू वयस्कर होते, मूळचे शेजारच्या हपेइ प्रांतातले. मी भारतातली, त्यातही महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांनी आरशातून बघत नाव घेतलं, "ख तिहुआ!" म्हणजे आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. सोलापूरचे. 1938 साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, त्यात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. जपानी फौजांशी चाललेल्या युद्धात कोटणिसांनी जखमींवर उपचार केले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि डिसेंबर 1942 मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मराठी माणसांत चिनी शिकण्याचा एवढा घाट दुसऱ्या कुणी घातला असेल असं वाटत नाही, आणि तोही शब्दांच्या याद्या आणि मोबाइलमधल्या अॅपशिवाय. आमचं अॅप तर एक दिवस चुकला की रुसतं.

मला वापर पक्का करायचा होता, म्हणून मी विचारलं, एवढ्या लांबून येऊन एवढं सगळं करणं, याला चऽथंग म्हणता येईल का?

श्रफूंनी गाडीचा वेग कमी केला. "मुळीच नाही!" ते म्हणाले. त्याला 'फंगशिएन' म्हणतात, समर्पण. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, तू चिनी कशासाठी शिकतेस? मी म्हटलं, विशेष काही नाही, नवऱ्याची नोकरी इथे आहे, वेळ असतो, शिकते. परीक्षाही देणार आहे.

"हां," ते म्हणाले, "हा चऽथंग."

भाडं देताना लक्षात आलं की वाक्यरचना, सूर आणि संदर्भ, तिन्ही निर्दोष होते. इतकं स्वच्छ उदाहरण कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळालं नसतं, आणि तेही मीटरच्या भाड्यात.

परीक्षेबद्दल सांगायचं तर तीही या शब्दापासून फार लांब नाही. चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेला, एचएसकेला, पूर्वी 11 पातळ्या होत्या. 2010 च्या सुमारास त्या मोडून 6 केल्या. लोकांनी सहावीपर्यंतचे 5,000 शब्द घोकले, प्रमाणपत्रं चौकटीत लावली, आणि 2021 मध्ये नवं मानक आलं: पातळ्या 9, शब्द 11,092. काल जे शिखरावर होते ते सकाळी उठले तेव्हा वर आणखी तीन मजले चढलेले होते. सहावीच्या जुन्या लेखी भागात हजार अक्षरांची गोष्ट दहा मिनिटं वाचायला देत, मग कागद काढून घेत, आणि तीच गोष्ट चारशे अक्षरांत पुन्हा लिहायला सांगत. वाचलेलं विसरायचं नाही, पण सगळं लिहायचंही नाही. सरकारी अहवाल वाचायची सवय असलेल्यांना हे सोपं जात असावं.

लाओशींनी त्या आठवड्याचा गृहपाठ दिला: चऽथंग वापरून स्वतःचं एक वाक्य, त्यात 'लाइ' आणि 'छ्यू' ही शेपटं हवीत, म्हणजे येणं आणि जाणं, म्हणजे हेलपाटे. मी लिहिलं: अकराच्या सहा केल्या, सहाच्या नऊ केल्या, चऽथंग लाइ चऽथंग छ्यू, गिरवायची अक्षरं मात्र तीच राहिली.

लाओशींनी वाक्य दोनदा वाचलं. एक 'ल', म्हणजे 'झालं' सांगणारं शेपूट, चुकीच्या जागी होता, तो उचलून पुढे ठेवला. मग खिडकी लावून घेतली आणि म्हणाल्या, "आता वाक्य अगदी बरोबर आहे. परीक्षेत लिहू नका."